सीनच्या पाण्याने शिकवलेले फटकारे

दृक्प्रत्ययवादाची, म्हणजे क्षणाचा उजेड पकडू पाहणाऱ्या इम्प्रेशनिझमची, गोष्ट बहुधा १८७४ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनापासून आणि क्लोद मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रापासून सांगितली जाते. नदीच्या तैलचित्रांपुरतं बोलायचं, तर तोवर मुख्य काम होऊन गेलं होतं.

त्याआधी उघड्यावर कुणी तैलरंग वापरतच नव्हतं, असं नाही. इंग्लंडचा कॉन्स्टेबल आणि फ्रान्सचा कोरो हे दोघेही निसर्गचित्रकार वापरत. पण जवसाच्या तेलात घोटलेला रंग तेव्हा डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. टोचून काढायचा, मग भोक बुजवायचं. पिशवी फुटली की सगळं सामान बरबटलेलं. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन व्यक्तिचित्रकाराने १८४१ मध्ये पिळून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि हा व्याप संपला. रसायनशास्त्राने नवे रंगही दिले होते: कोबाल्ट निळा, स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीन निळा, व्हिरिडियन हिरवा. पाणी रंगवणाऱ्याला आणखी काय हवं?

नदीवर जाऊन बसायची युक्ती मात्र फ्रेंच निसर्गचित्रकार दोबिनीची. १८५७ मध्ये त्याने एका होडीचाच स्टुडिओ केला आणि वाझ नदीवरून चित्रं काढत फिरू लागला. काठावरून दिसतं त्यापेक्षा पाण्याच्या मधोमधून दिसणारं दृश्य वेगळं असतं, समोरचा काठ खाली राहतो आणि प्रतिबिंब अर्धं चित्र व्यापतं. पुढे सीनकाठच्या आर्जंतयला मोनेनेही तशीच होडी केली. त्या होडीत रंगवत बसलेल्या मोनेचं चित्र एदुआर माने या दुसऱ्या चित्रकाराने १८७४ मध्ये काढलं.

माझ्या मते खरा टप्पा १८६९ चा उन्हाळा. पॅरिसहून रेल्वेने सहज गाठता येणाऱ्या ला ग्रनुयेर या ठिकाणी सीन नदीवर तरंगतं उपाहारगृह होतं, पोहायची सोय होती, सुट्टीची गर्दी होती. मोने आणि त्याचा चित्रकार मित्र रन्वार शेजारी शेजारी उभे राहून तेच दृश्य रंगवत होते. होड्यांच्या लाटांनी पाणी सारखं हलत होतं. खालचा थर वाळू द्यायचा, वर पातळ थर चढवायचा, कडा मऊ मिसळायच्या, ही कलाशाळेतली रीत तिथे चालणारच नव्हती. मग चपट्या ब्रशने आडवे, सुटे फटकारे: आकाशाचा फिका निळा, झाडांचा गडद हिरवा, त्यांच्यामध्ये उन्हाचा पिवळसर. ओल्यावरच ओला रंग. जवळून पाहिलं तर नुसते पट्टे, चार पावलं मागे गेलं की पाणी. सावलीसाठी तपकिरी-काळा कालवण्याऐवजी निळे-जांभळे आले तेही अशाच कामातून. गंमत म्हणजे मोनेला ही नुसती कच्ची रेखाटनं वाटत होती. चित्रकार मित्र बाझीयला लिहिलेल्या पत्रात त्याने ती चक्क वाईट ठरवली आहेत. त्यांतलं एक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, रन्वारचं स्टॉकहोमला.

पुढची यादी लांबलचक आहे. त्यांच्याच गटातल्या सिस्लेने १८७६ मध्ये सीनकाठच्या पोर-मार्ली गावातला पूर रंगवला तो विशेष पाहण्याजोगा, कारण त्यात पुराचा थरार जवळजवळ नाहीच, नुसतं शांत, पसरलेलं पाणी आहे.

आणि ‘सगळं जागेवरच पूर्ण’ ही समजूत अर्धीच खरी. १८९६-९७ मध्ये जिव्हर्नीजवळ मोने पहाटे होडीत बसून सीनच्या एकाच वळणाचे अनेक कॅनव्हास आळीपाळीने रंगवायचा, उजेड बदलला की पुढचा कॅनव्हास. पण नंतर स्टुडिओत त्यांवर हात फिरवायचाच. १८९८ मध्ये जॉर्ज पती या चित्रविक्रेत्याच्या दालनात ती मालिका लागली, तेव्हा पाण्यातले फटकारे इतके मिसळलेले होते की ला ग्रनुयेरचे पट्टे त्यांत शोधूनही सापडत नाहीत.