‘ब्रेक फेल’ झाला, म्हणजे नेमकं काय झालं? लायनर तापलं की ऑइल उकळलं?

घाटात गाडी ठोकली की बातमीत एकच वाक्य ठरलेलं: ‘ब्रेक फेल झाल्याने’. गाडीमालक तेच सांगतो, मिस्त्रीही तेच धरून बसतो, आणि उपायही ठरलेला, ‘ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढून टाकू या’. कोल्हापुरातून बोटीचा ट्रेलर मागं लावून करूळ नाहीतर फोंडा घाटानं मालवणकडं उतरणाऱ्यांनी तरी हा घोळ घालू नये. इथं आजार दोन आहेत आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

लायनर तापणं बहुतेकांना ठाऊक असतं. सतत ब्रेक दाबून उतरलं की चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे शू तापतात, शूवरच्या लायनरची पकड सुटते, जळका वास येतो. पेडल नेहमीच्याच उंचीवर आणि घट्ट असतं, पण गाडी थांबत नाही. गिअर खाली टाका, सुरक्षित जागा बघून थांबा, गार होऊ द्या. थंड झालं की पकड बरीचशी परत येते. लायनरला काचेसारखी चकाकी आली असेल तर ते बदला. एवढंच.

ऑइल उकळणं मात्र लोकांना कळत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून ते हळूहळू आत शिरतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवं कोरडं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही आणि डॉट ४ हे २३० पर्यंत. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १४० आणि १५५ वर येते. घाटात चाकाजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुमचा पाय त्या वाफेलाच दाबत राहतो आणि पेडल सरळ खाली बसतं.

म्हणून आधी पायाला विचारा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ऑइल. पेडल खाली गेलं असेल तर भराभर पंप करा, थोडा दाब परत मिळतो. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून तोही हळूहळू ओढा. लायनर तापलेलं असताना मात्र पंप करण्यात काही अर्थ नाही, उलट उष्णताच वाढते. (उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणाऱ्यांचं पेडलही घट्ट होतं, पण ते पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मेल्यामुळं. त्या शहाणपणाबद्दल बोलायलाच नको.)

सगळ्यात फसवी वेळ चहाची. उतरताना वाऱ्यानं चाकं थोडी गार होत असतात. घाट संपला, टपरीवर गाडी लावली, की वारा बंद होतो आणि ड्रममधली, डिस्कमधली उष्णता चाकाजवळच्या, ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरकडं, तिथून ऑइलकडं सरकते. चहा पिऊन निघालात, पहिल्याच वळणावर पेडल खाली. वास नाही, धूर नाही. पुढं अर्ध्या तासानं वाफ पुन्हा द्रव होते, मिस्त्री पेडल दाबून बघतो आणि म्हणतो, ‘काय नाय हो, ब्रेक एकदम टकाटक हाय.’ म्हणून घाटानंतर थांबलात तर निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल दाबून बघायचं.

आता ट्रेलर. त्याला बहुधा धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो: गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं रेटतो, गाडीला जोडणाऱ्या कपलिंगचा दांडा आत सरकतो, तिथला छोटा मास्टर सिलिंडर चाकांकडं ऑइल दाबतो. उतारावर नुसतं गिअरवर उतरलात तरी ट्रेलर रेटतच असतो, म्हणजे त्याचे ब्रेक थोडे लागलेलेच राहतात आणि तापत राहतात. तुमच्या पायाला त्याचा पत्ता नसतो. कळतं ते मागून ढकलल्यासारखं वाटल्यावर. ब्रेक दाबला की प्रत्येक वेळी कपलिंगवर ‘खट्’ आवाज येत असेल, तर दांडा शेवटपर्यंत आत जातोय: ऑइलमध्ये वाफ किंवा हवा आहे, नाहीतर शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत.

त्यात बोट उतरवताना चाकं पाण्यात जातात. चाकातल्या सिलिंडरच्या रबराखाली पाणी शिरतं, पिस्टन गंजून अडकतो, शू ड्रमला घासत राहतो. निघण्याआधी जॅक लावून प्रत्येक चाक हातानं फिरवा. मग पाच-सहा किलोमीटर जाऊन, सपाट जागी थांबून, तळहाताची मागची बाजू हबजवळ न्या. एकच चाक गरम असेल तर ते अडकलंय. एकच थंड असेल तर ते ब्रेक लावतच नाहीये. खाऱ्या पाण्यातून वर आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचंच, पण ड्रम गार झाल्यावर. तापलेल्या बिडावर पाणी ओतलं की तडा जातो, हे कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या (फाउंड्रीच्या) गावात सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

आणि मिस्त्रीला ‘एअर काढ’ एवढंच सांगू नका. एअर काढताना थोडंच ऑइल बाहेर येतं, जुनं पाणी मुरलेलं तसंच राहतं. ‘सगळं जुनं काढून नवं भर, प्रत्येक चाकापर्यंत’ असं सांगा, दर दोन वर्षांनी. ट्रेलरची टाकी कपलिंगवर वेगळी असते. गाडीचं ऑइल बदललं म्हणजे तिचं बदललं असं होत नाही, आणि तीच कायम विसरली जाते. डबा समोर सील फोडून उघडायला लावा. शेल्फवर झाकण ढिलं असलेला गेल्या वर्षीचा अर्धा डबा मिस्त्रीनं पुढं केला, तर तो परत ठेवायला सांगा.