नकाशावरच्या खुणा की समोर दिसलेला डोंगर? ओपन वर्ल्ड गेममधल्या भटकंतीच्या वादाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आला आणि गेमिंगमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. गेम सुरू होतो तेव्हा नकाशा जवळपास कोरा असतो. कुठे जायचं, किती कामं बाकी आहेत याची यादी नसते. पहिल्या दारातून बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार दिसतो आणि त्याच्या वाटेला गेलेले बहुतेक नवखे खेळाडू तिथेच मरतात. काहींनी याला खेळाडूच्या वेळेची नासाडी म्हटलं. इतरांना वाटलं, इतक्या वर्षांनी एका गेमने आपल्याला मोकळं सोडलं. वर्षभरात दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, पण वाद मिटला नाही. आजही कुठल्याही नव्या ओपन वर्ल्ड गेमच्या, म्हणजे ज्याच्या जगात खेळाडू हवं तिकडे फिरू शकतो अशा गेमच्या, चर्चेत तो पहिल्या दहा मिनिटांत निघतो.

वरवर हा गेम सोपा की अवघड याचा वाद वाटतो. माझ्या मते त्याचं मूळ वेगळं आहे. पुढे कुठे जायचं हा प्रश्न कुणाच्या मनात आधी येतो, गेमच्या की खेळाडूच्या? रायगडावर उभं राहून लिंगाण्याचा सुळका पाहिलेल्या माणसाला ‘तिथे जा’ असं सांगावं लागत नाही. तो मनातल्या मनात वाट शोधू लागलेला असतो. ओपन वर्ल्ड गेमचा सगळा आनंद त्या क्षणात आहे, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत तो क्षण कधी आपसूक मिळाला, कधी हरवला, कधी मुद्दाम घडवून परत आणावा लागला.

सुरुवात झाली ती खऱ्या गुहेतून. अमेरिकन प्रोग्रामर विल क्राउदर स्वतः गुहांमध्ये उतरणारा माणूस होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या सर्वेक्षणात आणि नकाशे तयार करण्यात त्याने भाग घेतला होता. १९७६ च्या सुमारास, घटस्फोटानंतर, आपल्या मुलींसाठी त्याने त्याच गुहेवर आधारलेला एक शब्दखेळ लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला. पडद्यावर चित्र नव्हतं, फक्त वाक्यं होती. खेळाडू शेजारी कागद घेऊन बसायचे आणि नकाशा स्वतः काढायचे. भटकंती म्हणजे नकाशा तयार करणं, इतका हा साधा हिशोब होता.

१९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ केला. बीबीसी मायक्रो या ३२ केबी स्मृतीच्या संगणकात त्यांनी आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. ग्रहांची माहिती साठवलेली नव्हती. एका बीजसंख्येपासून गणिताने ती दर वेळी नव्याने उभी राहायची. या पद्धतीने अब्जावधी दीर्घिका तयार करता आल्या असत्या आणि दोघांची इच्छाही तशीच होती. प्रकाशक एकॉर्नसॉफ्टने मात्र आकडा आठवर आणायला लावला. दीर्घिका अफाट झाल्या तर हे सगळं सूत्रातून निघालं आहे हे उघडं पडेल, अशी त्यांची शंका होती. ती बरोबर होती असं मला वाटतं, कारण बत्तीस वर्षांनी तोच धडा एका फार मोठ्या गेमला पुन्हा गिरवावा लागला. त्याकडे पुढे येतोच.

जपानमध्ये १९८६ च्या फेब्रुवारीत ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आला. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांचं बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावात गेलं. रानात भटकताना एक गुहा सापडली आणि ते दिवा घेऊन तिच्यात शिरले, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. झेल्डातलं जग १२८ पडद्यांचं आहे, आजच्या मानाने अंगणाएवढं. पण कुठलंही झुडूप जाळलं तर खाली जिना निघू शकतो, कुठल्याही खडकामागे दार असू शकतं. त्यामुळे खेळाडू प्रत्येक झुडपाकडे संशयाने पाहायचा आणि सापडलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी शाळेत मित्रांना सांगायचा.

इथवर कुणी वाट दाखवत नव्हतं, कारण दाखवायला स्मृतीही नव्हती आणि पडद्यावर जागाही नव्हती. हात धरून नेण्याची गरज जग मोठं झाल्यावर निर्माण झाली. हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो बेथेस्डा या एकाच कंपनीच्या तीन गेममध्ये.

१९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्ये गावं, शहरं आणि तळघरं मिळून १५,००० हून अधिक ठिकाणं होती. कंपनी त्या जगाची तुलना ग्रेट ब्रिटनच्या आकाराशी करत असे. जवळपास सगळं संगणकाने रचलेलं होतं. दोन गावांमधून चालत जाणं जवळजवळ निरर्थक, कारण मध्ये काहीच नाही. खेळाडू नकाशावर बोट ठेवून थेट पोचायचे. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये त्याच कंपनीने नेमकं उलट केलं. वार्डेनफेल हे एकच बेट, त्याच्या मधोमध एक ज्वालामुखी, आणि बाकी सगळं माणसांनी हाताने मांडलेलं.

मोरोविंडमध्ये कामाच्या जागी नेणारा बाण नाही. माणसं पत्ता सांगतात, तो रोजनिशीत लिहिला जातो आणि पुढचं तुम्ही पाहायचं. सुरुवातीच्या एका कामात बालमोरातला एक जाणकार तुम्हाला जुन्या ड्वेमर लोकांच्या पडक्या वास्तूत पाठवतो. गावातून दक्षिणेला निघा, मूनमॉथ किल्ल्यापासून पूर्वेला चला, दरीवरचा प्राचीन पूल ओलांडा. पोचलात तरी दार उघडत नाही. बाजूच्या नळावरचा दांडा फिरवायचा असतो. आणि आत जी पेटी शोधायची ती इतकी लहान की कित्येक खेळाडू तिच्या शेजारून रिकाम्या हाताने परतले. हे त्रासदायक होतं, यात शंका नाही. काही पत्ते तर चुकीचेही निघत. पण मोरोविंड खेळलेल्या माणसाला आज वीस वर्षांनीही तो पूल आठवतो. नंतरच्या गेममधले किती पूल आठवतात?

२००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आला. पडद्यावर होकायंत्र आलं आणि त्यावर लाल-हिरवा बाण. मोठ्या शहरांना पहिल्या तासापासून एका क्लिकवर जाता येऊ लागलं. याला निव्वळ आळशीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. या गेममध्ये प्रत्येक पात्राचा संवाद अभिनेत्याच्या आवाजात होता. मोरोविंडसारखे परिच्छेदच्या परिच्छेद पत्ते ध्वनिमुद्रित करणं महाग, आणि काम करताना जागा थोडी बदलली तर ते वाया जाणार. बाण मात्र आपोआप सरकतो. शिवाय आता गेम सोफ्यावर बसून कन्सोलवर खेळले जात होते, शेजारी वही घेऊन नव्हे. ‘ऑब्लिव्हियन’ प्रचंड चालला आणि बाण कायमचा राहिला. एकदा तो आल्यावर संवादातून दिशा गायब झाल्या. मग बाण बंद करण्याची सोय दिली तरी उपयोग नाही, कारण खेळाडूला ठिकाण सांगणारं दुसरं काहीच उरत नाही.

दुसरीकडे शहरं घडत होती. ऑक्टोबर २००१ मध्ये एडिनबराच्या डीएमए डिझाइनने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आणला. पुढच्याच वर्षी ‘व्हाइस सिटी’ आला आणि तो महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या भाड्याने खेळला गेला. मिशन कुणी करो न करो, गाडी पळवून, रेडिओ लावून समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने हिंडणं हाच अनेकांचा खेळ होता. रस्त्यांची रचना इतकी ओळखीची व्हायची की कोपऱ्यातला छोटा नकाशा न पाहताही वाट सापडायची. त्या शहराचा आकार आज हास्यास्पद वाटेल इतका लहान आहे, पण ते पाठ होण्याइतकं लहान होतं आणि यातच त्याची गंमत होती.

२००७ मध्ये युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड’ने दमास्कस, एकर आणि जेरुसलेमच्या मनोऱ्यांवर चढायला लावलं. मनोऱ्याच्या टोकावरून शहर पाहिलं की आजूबाजूच्या जागा नकाशावर उमटायच्या. कल्पना मुळात सुंदर आहे. उंचावर जा, पाहा, मग ठरवा. पण हळूहळू पाहणं मागे पडलं आणि उमटणं तेवढं उरलं. ‘फार क्राय ३’मध्ये २०१२ साली १८ रेडिओ मनोरे होते. इतर कंपन्यांनीही हाच साचा उचलला. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मधल्या पॅरिसचा नकाशा खुणांनी इतका भरला की खालचे रस्ते दिसेनात. खेळाडू आता नकाशा खेळत होते. एक खूण पुसायची, दुसरीकडे जायचं. वाटेतलं पॅरिस, ते इतक्या मेहनतीने उभं केलेलं नोत्र दाम, नजरेच्या कडेने निघून जायचं.

२०१५ च्या ‘द विचर ३’मध्ये दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये दिसतात. व्हेलनच्या दलदलीत एखाद्या खेड्यात शिरलात तर सूचना-फलकावरच्या साध्या कामातून माणसांच्या दुःखाची अशी गोष्ट निघते की ती विसरता येत नाही. तोच गेम स्केलिगच्या समुद्रात डझनावारी प्रश्नचिन्हं पेरतो आणि बोटीने तिथवर गेल्यावर पाण्यात तरंगणारी तस्करांची तीच ती पिंपं मिळतात. प्रश्नचिन्हाने कुतूहल जागवायचं असतं. तिसऱ्या पिंपानंतर ते मरतं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला आणि ‘एलिट’च्या प्रकाशकाची जुनी शंका खरी ठरली. हॅलो गेम्स या इंग्लंडमधल्या छोट्या चमूने १८ क्विंटिलियनहून (१८ वर १८ शून्यं) अधिक ग्रह तयार करणारं सूत्र लिहिलं होतं. काही तासांत खेळाडूंना जाणवलं की पुढच्या ग्रहावर नवा रंग आहे, नवा प्राणी आहे, पण नवं कारण नाही. पुढची अनेक वर्षं चमूने मोफत अपडेट देत गेममध्ये कारणं भरली आणि तो सावरला. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोने ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणला. तो कसा घडला हे निर्मात्यांनी त्याच वर्षी जपानमधल्या परिषदेत उघडपणे मांडलं. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी अंतरांचा अंदाज यावा म्हणून आपल्या ओळखीच्या क्योतो शहराचा नकाशा गेमच्या जगावर ठेवून पाहिला होता. आधी त्यांनीही मनोरे ठेवून खेळाडूला एकाकडून दुसऱ्याकडे नेलं. चाचणीत दिसलं की लोक सरळ रेषेत जातात आणि आपल्याला हाकलं जातंय असं त्यांना वाटतं. मग जमिनीचाच विचार सुरू झाला. त्यांचं सूत्र त्रिकोणाचं होतं. डोंगर, टेकडी, खडक, सगळं त्रिकोणी. त्रिकोणामागे काहीतरी झाकलं जातं. वर चढायचं की वळसा घालायचा हे खेळाडूला ठरवावं लागतं, आणि दोन्ही वाटांवर आधी न दिसलेलं काहीतरी हळूहळू उघड होतं. तिकडे निघालेला माणूस मध्येच तिसरीकडे वळतो.

या गेममध्येही मनोरे आहेत, पण त्यावर चढल्यावर नकाशावर फक्त डोंगर, नद्या आणि नावं उमटतात. काय कुठे आहे हे दुर्बिणीतून आपणच पाहायचं आणि खूण आपणच लावायची. खूण तीच, फक्त ती लावणारा हात बदलला, आणि तेवढ्याने सगळा अनुभव बदलला. ९०० कोरोक बिया लपवलेल्या आहेत आणि त्या सगळ्या गोळा करण्याची मुळीच गरज नाही. डोंगरमाथ्यावर एकटाच दगड का पडलाय म्हणून उचलून पाहणाऱ्याला दाद मिळावी, यासाठी त्या आहेत.

यानंतर अनेकांनी आपापली उत्तरं शोधली. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ने २०१८ मध्ये मार्करऐवजी, म्हणजे जागा दाखवणाऱ्या बाणा-खुणांऐवजी, शब्दांत दिशा सांगणारा पर्याय दिला. त्यासाठी त्या दिशा मुद्दाम लिहाव्या लागल्या, म्हणूनच तो पर्याय चालला. २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त वारा वाहतो आणि गवत ज्या दिशेला झुकतं तिकडे जायचं. २०१९ चा ‘आऊटर वाइल्ड्स’ तर ॲलेक्स बीचम याच्या विद्यापीठातल्या प्रबंध-प्रकल्पातून वाढलेला. त्यात हत्यार वाढत नाही, पैसे मिळत नाहीत. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. तुमच्यासोबत पुढे येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. माझ्या मते भटकंतीवर केलेला याहून प्रामाणिक गेम नाही.

आणि ‘एल्डन रिंग’. मिस्टवुडच्या रानात एक लहानशी दगडी इमारत आहे. आत लिफ्ट आहे. ती खाली जाते, आणखी खाली जाते, इतका वेळ की काहीतरी बिघडलंय असं वाटू लागतं. मग भिंत संपते आणि जमिनीखाली ताऱ्यांनी भरलेलं आकाश दिसतं, त्याखाली नदी, पडकी मंदिरं, एक अख्खा प्रदेश. या जागेची आठवण असंख्य खेळाडू सांगतात आणि जवळपास प्रत्येक जण ‘मला सापडली’ असंच म्हणतो. नकाशावर आधी खूण असती, तर तिथे प्रत्येक जण पोचला असता आणि ती कुणालाच सापडली नसती.

मार्करच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा तरीही खरा आहे. दिवसाची नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याने काल कुठे थांबलो हे शोधण्यात अर्धा तास घालवावा, हे मलाही पटत नाही. ज्यांना बारीक तपशील दिसत नाहीत किंवा दिशा लक्षात राहत नाहीत, त्यांच्यासाठी बाण म्हणजे गेम खेळता येण्याची अटच आहे. शिवाय हाताने रचलेलं जग महाग पडतं. मागे पडलेली टेकडीही कुणीतरी विचार करून तिथे ठेवलेली असते, आणि दहापैकी चार खेळाडू तिच्याकडे वळणारच नाहीत हे माहीत असूनही त्या टेकडीवर महिनाभर काम करायला पैसे द्यायचे का, हा प्रश्न प्रत्येक स्टुडिओच्या बैठकीत येतो. बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर अजूनही ‘नाही’ असंच मिळतं.