सिसिलीची लांबट डोकी, न्यूयॉर्कची गोल डोकी

डीएनए चाचणी करा आणि तुमच्या वंशाची टक्केवारी जाणून घ्या, अशा जाहिरातींमुळे वंश म्हणजे निसर्गानेच आखलेले कप्पे, हा समज पुन्हा बळावतो आहे. हे कप्पे किती कच्चे असतात ते शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत दिसतं.

इटालियन, ज्यू, स्लाव्ह ही मंडळी तिथे कायद्याने गोरी, पण हलक्या वंशाची मानली जात. अमेरिकी संसदेने स्थलांतराच्या चौकशीसाठी नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने तर १९११ साली वंशांचा कोशच छापला आणि त्यात उत्तर व दक्षिण इटालियन वेगळे काढले. या सगळ्याला एक मोठा आधार कवटीचा. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले १०० म्हणजे कपालनिर्देशांक. तो ७५ च्या खाली असेल तर डोकं लांबट, ८० च्या वर असेल तर गोल. हा आकडा पिढ्यानपिढ्या कायम राहतो, असं गृहीत होतं.

याच आयोगासाठी मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८,००० स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली. पूर्व युरोपातल्या ज्यूंची डोकी गोल, पण त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं थोडी लांबट डोक्याची निघाली. दक्षिण इटलीतल्या सिसिलीकरांचं नेमकं उलट. मूल जन्मेपर्यंत आई अमेरिकेत येऊन जितका काळ लोटला, तितका फरक जास्त!

असं का व्हावं? तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं सांधलेली नसतात. बाळ कडक पाळण्यात सतत उताणं राहिलं की मागची बाजू चपटी होते, लांबी घटते, निर्देशांक वाढतो. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात, ती याच मऊ हाडांच्या भरवशावर. अर्थात पाळण्याने सगळा फरक उलगडत नाही. आहार, राहणीमान यांचाही वाटा असावा. २००२ साली काही संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासून फरक किरकोळ ठरवला, तर २००३ मध्ये दुसऱ्या गटाने बोआस यांच्या मूळ निष्कर्षाची बाजू उचलून धरली. पण ‘आकार मुळीच बदलत नाही’ हा दावा टिकला नाही. कपाळ पाहून स्वभाव सांगणाऱ्या सामुद्रिकाला जितका शास्त्राधार, तितकाच या वंशविद्येला होता.

आपल्या इरावती कर्वे यांनीही बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या आणि गुरूचा वंशश्रेष्ठत्वाचा तर्क आकड्यांत सापडत नाही, असा निष्कर्ष निर्भीडपणे मांडला.

अमेरिकी संसदेने बोआस यांचं ऐकलं नाही. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशातून येणाऱ्या स्थलांतरितांचा कोटा १८९० च्या जनगणनेवरून ठरवला, कारण तेव्हा इटालियन थोडे होते. त्यांचा वार्षिक कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. देशवार कोट्याची ही पद्धत १९६५ च्या कायद्याने रद्द झाली. तोवर इटालियनांची नातवंडं शेजारच्या आयरिश, जर्मन घरांत लग्नं करून नुसती ‘गोरी’ झाली होती.