दोन कानांना सात स्पीकर कशाला?

सणासुदीचे सेल लागले की गेमिंग हेडसेटच्या जाहिरातींना ऊत येतो. बऱ्याच खोक्यांवर एक आकडा ठळक छापलेला असतो, ७.१ (सात दिशांचे आवाज आणि एक खर्जाचा), आणि सोबत डोक्याभोवती फिरणारी निळी-जांभळी वर्तुळं. घरातला अकरावीतला चिरंजीव सांगतो, "बाबा, साधा स्टिरिओ नको. मागून कुणी आलं तर कळतच नाही त्यात." बाबा मुकाट्याने बजेट वाढवतात. मुलाचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. स्टिरिओ म्हणजे एक डावा, एक उजवा. मग मागचं ऐकू येणार कुठून? पण रस्त्याने चालताना मागून एसटीने हॉर्न दिला तर हाच मुलगा न बघता बरोबर बाजूला होतो, आणि तेही दोनच कानांच्या भरवशावर.

म्हणजे पुढचं-मागचं, वरचं-खालचं ही माहिती दोन कानांत शिरणाऱ्या दोन आवाजांतच कुठेतरी दडलेली असली पाहिजे. ती कुठे दडते हे कळलं की तीन ते सहा हजारांत हेडफोन कसा निवडायचा याचं निम्मं उत्तर हाती येतं. उरलेलं निम्मं तसं रुक्ष आहे, ते नंतर उरकू.

हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी शिरतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात जरा उशिरा पोचतो. डोकं म्हणजे ८.७५ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल असं धरलं, तर हा जादा रस्ता साडेबावीस सेंटिमीटर भरतो आणि उशीर होतो ०.६५ मिलिसेकंदाचा. हा झाला जास्तीत जास्त उशीर. आवाज नाकासमोरून आला तर उशीर शून्य, आणि तिथून एकच अंश सरकला तर सुमारे ९ मायक्रोसेकंद. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले नऊ उचला! शांत खोलीत, समोरच्या दिशेला, माणसाला हा एका अंशाचा फरक खरोखर ओळखता येतो. मज्जापेशीतला एक विद्युत स्पंद जेमतेम मिलिसेकंदभर टिकतो. अशा पेशी वापरून मेंदू त्याच्या शंभराव्या भागाइतका काळ मोजतो. भल्याभल्या प्रयोगशाळांमधल्या उपकरणांपेक्षा मला याचं अप्रूप जास्त वाटतं.

आरगॉनच्या शोधासाठी १९०४ चं नोबेल मिळवणाऱ्या लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या गणिताची दुसरी बाजू मांडली. १५०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्याच मापाची. याहून लांब लहरी डोक्याला सहज वळसा घालतात, त्यामुळे दोन्ही कानांत जोर जवळपास सारखा पोचतो आणि मेंदू वेळेच्या फरकावर विसंबतो. याहून आखूड लहरींना डोकं आडवं येतं. पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते, तिथला जोर घटतो, आणि मेंदू हा जोराचा फरक वापरतो. खर्जासाठी घड्याळ आणि तारस्वरासाठी तराजू, अशी ही विभागणी.

मात्र एवढ्याने भागत नाही. समोर उजवीकडे ३० अंशांवरचा आवाज आणि पाठीमागे उजवीकडे ३० अंशांवरचा आवाज यांत वेळेचा फरकही तोच आणि जोराचा फरकही तोच. कानातून बाहेर उघडणारा एक शंकू कल्पिला तर त्याच्या पृष्ठभागावर एकाच अंतरावर असलेले सगळे बिंदू घड्याळ आणि तराजूला सारखेच वाटतात. रॅले यांनीच आधी, १८७० च्या दशकात, हिरवळीवर डोळे मिटून प्रयोग केले होते. माणसाचा आवाज पुढून आला की मागून, हे त्यांना ओळखता येई, पण नादकाट्याच्या शुद्ध स्वराच्या बाबतीत मात्र फसगत होई.

हे कोडं सोडवते कानाची पाळी. ती नुसती आवाज गोळा करणारी टोपली असती तर तिला इतक्या घड्या आणि खाचखळगे कशाला हवे होते? आवाजाचा काही भाग थेट कानाच्या नळीत जातो, काही या घड्यांवर आपटून किंचित उशिरा. दोन्ही एकत्र आले की काही वारंवारता एकमेकांना खोडून काढतात आणि कोणत्या वारंवारतेला किती जोर हे दाखवणाऱ्या आवाजाच्या आलेखात खड्डे पडतात, मुख्यतः ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास. आवाज वरून आला तर खड्डा एका जागी, खालून आला तर दुसऱ्या, मागून आला तर तिसराच आकार. शुद्ध स्वरात एकच वारंवारता असते, त्यात खड्डा पडायला जागाच नसते. नादकाट्याने फसवलं ते यामुळे.

प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून प्रत्येकाचे खड्डेही वेगळे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार जणांच्या पाळ्यांच्या खळग्यांत साचे बसवून दिले. डावं-उजवं त्यांना पूर्वीसारखंच कळत होतं, वर-खाली मात्र पार बिघडलं. मग काही आठवड्यांत मेंदूने नवा कान शिकून घेतला. आणि साचे काढल्यावर? जुना कान लगेच चालू! मेंदूने दोन्ही नकाशे जपून ठेवले होते.

जाता जाता आपल्याकडच्या गव्हाणी घुबडाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या कानांची छिद्रं एका पातळीत नसतात, एक दुसऱ्यापेक्षा वर असतं. त्यामुळे जोराच्या फरकावरून त्याला वरचं-खालचं कळतं, वेळेच्या फरकावरून डावं-उजवं, आणि मिट्ट काळोखात केवळ खसफस ऐकून ते उंदीर पकडतं. शेतकऱ्याचे उंदीर फुकटात मारणाऱ्या या पक्ष्याला अशुभ म्हणायचं आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी त्याचा बळी द्यायचा, हे अज्ञान तर आहेच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

तर हेडफोन. हेडफोनचा आवाज काढणारा पडदा कानाला चिकटूनच असतो, त्यामुळे बाहेरच्या जागेतून येताना डोक्याची सावली आणि पाळीचे खड्डे यांचा जो शिक्का आवाजावर बसतो, तो बसतच नाही. म्हणूनच गाणं डोक्याच्या आत वाजल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे: तो शिक्का आधीच मोजून ठेवायचा. १९९४ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून, ७१० वेगवेगळ्या जागांवरून आवाज सोडून, दोन्ही कानांत नेमकं काय पोचतं याची नोंद झाली. या नोंदींना एचआरटीएफ म्हणतात. गेममध्ये शत्रू कुठे उभा आहे हे संगणकाला ठाऊकच असतं. त्या दिशेची डावी-उजवी नोंद काढायची आणि पावलांच्या आवाजावर चढवायची. बाहेर पडतात आवाजाच्या दोन वाहिन्या (चॅनेल), दोन कानांसाठी. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये ही सोय गेमच्या आतच आहे. विंडोजमध्येही असंच काम करणारं 'विंडोज सॉनिक' फुकट मिळतं.

आता खोक्यावरच्या ७.१ कडे वळू. बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला पडदा एकच असतो. गेम आठ वाहिन्यांचा आवाज देतो, सात दिशांच्या आणि एक खर्जाची. मग हेडसेटचं यूएसबी कार्ड किंवा सॉफ्टवेअर त्या पुन्हा दोनांत मिसळतं. म्हणजे शत्रूची नेमकी दिशा आधी सात ठरलेल्या जागांमध्ये वाटली जाते, आणि त्या सातांवर एचआरटीएफ चढतो. या सातांत वर-खाली असा प्रकारच नाही. वरच्या मजल्यावरची पावलं कुठून कळणार? गेमच्या आत हेच काम नेमक्या दिशेने होत असताना मध्ये हा दलाल हवाच कशाला? त्यात गेमचा एचआरटीएफ आणि हेडसेटचं ७.१ दोन्ही चालू ठेवलं तर शिक्क्यावर शिक्का बसतो आणि दिशेचा पार चिखल होतो. दोन्हींपैकी एकच ठेवा. गेममध्ये सोय असेल तर गेमचं.

"पण तो पुतळा म्हणजे मी नाही," अशी शंका रास्त आहे. परक्याच्या कानाचे खड्डे आपल्या मेंदूला नीट वाचता येत नाहीत, वर-खाली आणि पुढे-मागे यांत गल्लत होते. सोनीने प्लेस्टेशन ५ मध्ये यासाठीच पाच पर्याय दिले, ज्याला जो जुळेल तो. पण नेमबाजीच्या गेममध्ये एक गंमत आपल्या बाजूने असते. मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाख यांनी १९४० मध्ये दाखवलं की डोकं वळवलं की पुढचं-मागचं कोडं सुटतं. आवाज समोर असेल तर डोकं उजवीकडे वळवल्यावर तो डावीकडे सरकतो, मागे असेल तर उजवीकडे. गेममध्ये माऊस हलवला की पात्राचं डोकं वळतं आणि दोन्ही वाहिन्या त्याप्रमाणे बदलतात. चांगले खेळाडू सतत माऊस डावी-उजवीकडे थोडा हलवत असतात, ते नकळत वॉलाख यांचाच प्रयोग करत असतात. म्हणून एचआरटीएफ बंद असला तरी साध्या स्टिरिओवर चांगलं खेळता येतं.

एक तांत्रिक शंका नेहमी निघते. डिजिटल आवाज म्हणजे ठरावीक वेळाने मोजलेली लहरीची उंची, म्हणजेच नमुने; ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात दोन नमुन्यांमधलं अंतर २०.८ मायक्रोसेकंद असतं, मग ९ मायक्रोसेकंदांचा फरक त्यात मावणार कसा? यासाठी ९६ किलोहर्ट्झवालं महागडं घ्यावं का? नको. लहर ९ मायक्रोसेकंदांनी सरकली की प्रत्येक नमुन्याच्या वेळी तिची उंची बदलते. नमुन्यांच्या जागा ठरलेल्या असल्या तरी त्यांच्या किमती बदलतात, आणि २४ किलोहर्ट्झच्या आतली लहर असेल तर त्या किमतींवरून मूळ लहर सरकलेल्या जागेसकट तंतोतंत उभी करता येते. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी आलेखकागदावर एक साइन लहर काढून किंचित सरकवून पाहावी. बाकीच्यांनी पुढे चलावं.

थोडक्यात, दिशा ठरते गेममध्ये आणि उलगडते मेंदूत. हेडफोनने मधल्या मध्ये घोळ घातला नाही म्हणजे झालं. घोळ न घालणारा हेडफोन महाग असतो का? २०१७ मध्ये ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजून दाखवलं की किंमत आणि आवाजाचा आलेख यांचा संबंध सापडत नाही. आपल्यासारख्यांसाठी ही आनंदाची बातमी आहे.

दुकानात किंवा सेलमध्ये बघायचं ते असं. खर्ज फुगवलेला हेडफोन टाळा. खालच्या वारंवारतेचा मोठा आवाज वरच्या वारंवारतेचे बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाच्या रचनेचाच गुण आहे. बाजूला बॉम्ब फुटत असताना पावलं ऐकायची तर धडामधूम आटोक्यात हवी. पडदा ५० मिलिमीटरचा म्हणून ४० पेक्षा सरस, असं काही नसतं. ४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज देतो ही जाहिरात वटवाघळांसाठी ठीक आहे. प्लगवरचा सोन्याचा मुलामा गंजत नाही, एवढंच त्याचं कौतुक. आणि शंभर तास वाजवून हेडफोन 'मुरवायचा' सल्ला कुणी दिला तर सांगा, मुरतं ते लोणचं. कानावरच्या गाद्या मऊ पडतात आणि आपला कान सरावतो.

पैसे खर्च करायचेच तर बसण्यावर करा. गादी कानाभोवती नीट टेकली नाही तर फटीतून खर्ज निसटतो, आणि डाव्या बाजूने जास्त निसटला तर दोन्ही बाजूंचा तोलही जातो. चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच पाहावं, दांडीमुळे फट पडते. नकली चामड्याच्या गाद्यांत मे महिन्यात नागपूरला तासभर खेळून दाखवणाऱ्याचा सत्कार करायला हवा. कापडी गाद्या बऱ्या, मात्र त्या बाहेरचा आवाज थोडा आत घेतात. मागून उघडे असलेले ओपन बॅक हेडफोन मोकळे वाटतात, डोकं तापत नाही, पण पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या थेट आत येतात. एकट्याची शांत खोली असेल तरच त्यांच्या वाटेला जा. ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युत अडथळ्याचं माप) आसपासचा हेडफोन लॅपटॉपवर सहज चालतो. स्टुडिओसाठीच्या २५० ओहमच्या हेडफोनला वेगळा अँप्लिफायर लागतो, आणि बजेट तिथेच कोसळतं.

साध्या ब्लूटूथवर स्पर्धेचे गेम खेळू नका. आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे पावलं ऐकू येतात तेव्हा माणूस दारात उभा असतो. शिवाय ब्लूटूथवर माईक चालू केला की बहुधा आवाज एकाच वाहिनीवर येतो, आणि वर खर्ची पाडलेलं सगळं दिशाशास्त्र निकालात निघतं. बिनतारीच हवा तर २.४ गिगाहर्ट्झच्या डाँगलवाला घ्या, नाहीतर वायर उत्तम. डेस्कटॉपला आवाजाची हिरवी आणि माईकची गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, लॅपटॉपला बहुधा एकच. खोक्यात दुभागणारी वायर आहे की नाही ते आधी बघा.

आवाजाच्या पातळीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज चढवला जातो आणि मग बंदुका ९० च्या वर जातात. विंडोजमधला 'लाऊडनेस इक्वलायझेशन' हा पर्याय बारीक आवाज उचलतो आणि मोठे दाबतो, पण त्यात जवळचं आणि लांबचं यातला फरकही पुसला जातो. त्यापेक्षा बाहेरचा आवाज अडवणारा बंद हेडफोन घ्या आणि आवाजाचं बटण दोन घरं खाली ठेवा.