पार्श्वभूमी : घरच्या आर्केडसाठी फोर-वे दांडी की एट-वे?

इंदूरमध्ये घरी आर्केडची पेटी, म्हणजे व्हिडिओ गेमच्या पार्लरमधल्यासारखे यंत्र, करून घेणाऱ्यांची मागणी बहुधा एकच असते : पार्लरमध्ये होती तशी दांडी (जॉयस्टिक) हवी. घोळ या ‘तशी’मध्ये आहे. आपल्याकडचे पार्लर ज्यांना आठवतात, त्यांना बहुतेक करून नव्वदचे दशक आठवते. सगळे ज्याला नुसते ‘मुस्तफा’ म्हणत, तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ १९९३चा, आणि त्याच्या आधीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१चा. दोन्हींची दांडी आठ दिशांना जाणारी, म्हणजे एट-वे. घरची पेटी तयार झाल्यावर मात्र हौसेने सर्वांत आधी लावला जातो तो १९८०चा पॅक-मॅन, आणि तिथेच नवी कोरी दांडी दगा देते.

‘जॉयस्टिक’ हा शब्द विमानचालनातून आला आणि घरोघरच्या खेळांत १९७७च्या अटारी कन्सोलबरोबर रुळला, एवढे इथे पुरे. (पुढे आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या पॅडलाही मुले ‘जॉयस्टिक’ म्हणत, नाहीतर सरळ ‘रिमोट’, दुकानात दांडी मागितल्यावर पॅड पुढे केले जाते ते यामुळेच.) त्या सुरुवातीच्या वर्षांत पार्लरमधल्या प्रत्येक यंत्राची दांडी त्या-त्या खेळापुरतीच बनवलेली असे. गॅलागाला डावे-उजवे पुरत होते, पॅक-मॅन आणि डाँकी काँगला चार दिशा, म्हणजे फोर-वे. क्यूबर्टची दांडी चारच दिशांची होती, पण ती पंचेचाळीस अंशांत तिरकी बसवलेली, कारण पिरॅमिडवर सगळ्या उड्या तिरक्याच मारायच्या असतात. १९८२च्या रोबोट्रॉनमध्ये तर एका खेळाडूला दोन एट-वे दांड्या होत्या, एक चालण्यासाठी आणि दुसरी गोळीबारासाठी.

हे वैविध्य आटले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. १९८५च्या सुमारास जपानी निर्मात्यांच्या संघटनेने ५६ पिनांची एक सामाईक जोडणी ठरवली, आणि पेटी तीच ठेवून आतला खेळाचा सर्किट बोर्ड तेवढा बदलणे पार्लरवाल्यांना शक्य झाले. या जोडणीत प्रत्येक खेळाडूसाठी एक दांडी आणि तीन बटणे धरलेली होती. स्ट्रीट फायटरला सहा बटणे लागत, म्हणून उरलेल्या तिघांसाठी वेगळी वायर ओढावी लागे. बोर्ड बदलत राहिले, दांडी मात्र एकदा बसवलेली एट-वेच राहिली. आपल्या आठवणीतली दांडी ही त्या काटकसरीची देणगी आहे.

वादाचा मुद्दा असा की फोर-वे आणि एट-वे दांडीच्या पोटात विजेच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. दोन्हींत चारच स्विच असतात. एट-वे दांडी कोपऱ्यात ढकलली की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात आणि त्यालाच तिरकी दिशा म्हणायचे. फरक असतो तो तळाशी दांडीला अडवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीत, म्हणजे गेटमध्ये. चौकोनी गेट पंचेचाळीस अंशांनी फिरवून हिऱ्याच्या आकाराचे केले की तिरक्या जागाच उरत नाहीत. पॅक-मॅनमध्ये वळणाच्या किंचित आधीच दांडी वळवून ठेवणारा खेळाडू कोपरा भुतांपेक्षा लवकर कापतो. त्या क्षणी एट-वे दांडी तिरकी अडकली, तर खेळाला दोन आज्ञा एकदम मिळतात आणि वळण हुकते. डाँकी काँगमध्ये शिडीच्या पायथ्याशी हाच प्रकार होतो : वर ढकललेली दांडी जराशी कलते आणि गडी शिडी सोडून पुढे चालू लागतो. आपला हात म्हातारा झाला असे वाटून घेण्याचे यात काही कारण नाही.

यावर दोन मते आहेत. १९९७मध्ये आलेल्या मेम या एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने, जुने खेळ संगणकावर आणले. बाण-कळांनी हालचाल, ५ या कळीने नाणे आणि १ने खेळ सुरू, ही त्याची मूळ मांडणी असल्यामुळे दांडीच्या वायरी जोडल्या की संगणकापुढे कीबोर्डचे सोंग घेणारी सर्किटे निघाली. हे सॉफ्टवेअर फोर-वे खेळांत तिरक्या आज्ञेतून एकच दिशा निवडून देते, तेव्हा वेगळी दांडी कशाला, असे एका बाजूचे म्हणणे. ते अगदीच चूक नाही. पण चूक झाल्यावर ती सावरणे वेगळे आणि हाताला ती चूक करूच न देणे वेगळे. प्रस्तुत लेखकाच्या मते पेटीवर एक तरी खरी फोर-वे दांडी हवी, किंवा निदान गेट बदलता येणारी हवी. काही दांड्यांचे गेट खालून स्क्रू काढून फिरवावे लागते, तर काहींत वरूनच दांडी उचलून फिरवली की काम होते. पेटी भिंतीला लावून ठेवणार असाल तर दुसरा प्रकार बरा. सेंटिपीडचा ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा चेंडू) आणि अर्कानॉइडची फिरकी (गोल फिरणारी खुंटी) यांना मात्र कोणतीही दांडी पर्याय नाही.

जपानी की अमेरिकन, हा प्रश्न यानंतरचा. जपानी दांडीला वर गोल गोळा असतो आणि तिच्या जोडीची बटणे ३० मिलिमीटरची. अमेरिकन दांडीची मूठ लांबट आणि बटणांची भोके साधारण २८ मिलिमीटरची. जपानी दांडी पातळ पत्र्यावर बसवण्यासाठी घडवली, अमेरिकन जाड लाकडी फळीसाठी. आपला सुतार पेटी करतो ती १८ मिलिमीटरच्या प्लायची, आणि तिच्यावर जपानी दांडी तशीच कसली तर गोळा फळीच्या फारच जवळ येतो. म्हणून भोके पाडण्याआधी दांडी सुतारासमोर ठेवावी आणि तिच्याखालची प्लाय आतून किती खरवडायची ते त्याच्याकडून आखून घ्यावे.