दुसऱ्या वॉर्डातून नगरसेवकपदाला उभं राहता येत नाही?

"ज्या वॉर्डात राहता तिथूनच महापालिकेला उभं राहता येतं" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि पटतोही, कारण मत आपल्याला आपल्याच वॉर्डात देता येतं. पण उभं राहायचा नियम वेगळा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 नुसार त्या शहराच्या कुठल्याही वॉर्डाच्या यादीत नाव हवं आणि वय किमान 21. म्हणजे शेजारच्या वस्तीत पाण्यासाठी, गटारासाठी वर्षानुवर्षं अर्ज घेऊन फिरणाऱ्या ताई तिथूनच उभ्या राहू शकतात, अपक्षसुद्धा, फक्त ती जागा राखीव असेल तर त्या आरक्षणात बसायला हवं. खात्री करायचीय तर कायद्याचं कलम 9 उघडा, मराठीत मिळतं, आणि मतदारयादीत आपलं नाव आधी शोधा, कारण ते नसेल तर पुढचं सगळंच अडतं.