जुन्या फिल्मची प्रकाशबाधा चाचणी

जुन्या फिल्मरोलवर चुकून उजेड पडला आहे का, हे ठरवण्याची डार्करूममधली पद्धत. स्टुडिओच्या बोलीत, ‘रोलला लाइट लागलाय का’ ते पाहणे. अल्प प्रकाशाने फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराच्या कणांत होणारा बदल डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर या चित्र उमटवणाऱ्या रसायनात गेल्यावरच ते कण काळे पडून तो उघड होतो. त्यामुळे रोल कितीही निरखला तरी उपयोग नसतो, तुकडा धुवावाच, म्हणजे डेव्हलप करावाच लागतो.

३५ मिमी रोलचा चार-पाच इंचांचा तुकडा पूर्ण अंधारात कापतात. बहुतेक फिल्म पॅन्क्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने लाल दिवाही चालत नाही. डबीबाहेर डोकावणारी पट्टी वगळावी, कारण तिला उजेड लागलेलाच असतो. तुकड्याचा अर्धा भाग डेव्हलपर व हायपो (न उमटलेले क्षार काढून टाकणारे द्रावण) यांतून काढतात, उरलेला थेट हायपोत टाकतात. हा दुसरा भाग म्हणजे नुसता बेस, फिल्मची पारदर्शक पट्टी. दोहोंच्या घनतेतला, म्हणजे काळेपणातला फरक म्हणजे फॉग. ही घनता मोजणारा डेन्सिटोमीटर नसला तर दोन्ही भाग पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले तरी पुष्कळ कळते.

किती काळे झाले यापेक्षा कुठे काळे झाले, हे जास्त महत्त्वाचे. वय, उष्णता व दमट हवा यांचा फॉग साधारण सगळीकडे सारखा पसरतो. उजेडाला मात्र आत शिरायला वाट हवी असते. ३५ मिमीमध्ये तो डबीच्या मखमली फटीतून शिरतो, बाहेरच्या वेढ्यांवर दाट आणि आत विरळ होतो. कधी एका वेढ्याच्या काठच्या छिद्रांचे ठसे खालच्या वेढ्यावर उमटतात. डबीऐवजी कागदासकट गुंडाळलेल्या १२० रोलचा पाठकागद सैल असेल तर फक्त कडा काळवंडतात. स्लाइड फिल्मवर सगळे उलटे: बाधित भाग फिकट दिसतो. काठावरची कंपनीची अक्षरेही उमटली नाहीत, तर आधी डेव्हलपरवर संशय घ्यावा.

चाचणीला मर्यादा आहे. कॅमेऱ्याचे झाकण मध्येच उघडले गेले असेल, तर टोकाचा तुकडा स्वच्छ निघूनही मधल्या फ्रेम गेलेल्या असू शकतात. फोटो काढलेल्या रोलचा तुकडा कापणे म्हणजे एखादे चित्र पणाला लावणे. आणि जुन्या रोलमधली चित्रे मोलाची असू शकतात: स्वीडिश शोधप्रवासी आंद्रे याच्या १८९७ च्या उत्तर ध्रुवीय बलून मोहिमेची फिल्म १९३० मध्ये क्वितोया बेटावर सापडली. स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबर्ग यांनी तिच्यातून ९३ छायाचित्रे वाचवली.

वयाचा फॉग डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायाझोल हे फॉगरोधक रसायन मिसळून काहीसा दाबता येतो. उजेडाने पूर्ण काळा पडलेला भाग मात्र परत मिळत नाही.